कडूबाकाकांचा क्राऊन

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसं दोन प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. मी घाटाखालची. माहेर वरवट बकाल. तिथे रस्ता इतका सपाट की गाडीचा ब्रेक ही फक्त म्हैस आडवी आली तर वापरायची वस्तू. लग्न होऊन घाटावर आले आणि पहिल्याच दिवशी बोथ्याच्या घाटात एसटीच्या खिडकीतून खाली पाहिलं. तेव्हा पोटात जो गोळा आला, तो आजतागायत विरघळलेला नाही. सासरची माणसं हसतात. हसोत बापडी.

माझ्या नवऱ्याचं नाव गोकुळ. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण सगळी गोष्ट ‘हे’ आणि ‘हे’ करत सांगितली तर कोण कुठला ‘हे’ तेच कळायचं नाही, म्हणून इथे सरळ नाव घेते. गोकुळकडे जुनी पिकअप आहे. आमच्या आणि शेजारच्या मळ्यांतला भाजीपाला भरून आम्ही घाट उतरतो आणि खामगावच्या बाजारात नेतो. ‘आम्ही’ म्हणजे तो चालवतो आणि मी शेजारी बसून भिते. मी बसले नाही तर तो गाडी हाणतो. शिवाय घरी बसून भिण्यापेक्षा गाडीत बसून भ्यालेलं बरं, निदान काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

घाटाच्या मध्यावर मारुतीचं लहानसं देऊळ आहे. माथ्यापासून तिथपर्यंत गोकुळ दुसऱ्या गिअरवर उतरतो. इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं, ब्रेकवर पाय जेमतेम ठेवावा लागतो, सगळं कसं रीतसर. मारुतीच्या पुढची वळणं मात्र जरा सैल आहेत, आणि तिथे या माणसाचा हात शिवशिवतो. गिअर काढायचा, न्यूट्रल करायचं आणि गाडी उताराच्या हवाली करायची. डिझेल वाचतं म्हणे. घाटावरचे झाडून सगळे ड्रायव्हर असंच करतात आणि वर त्याला हुशारी म्हणतात. या न्यूट्रलवरून आमची जितकी भांडणं झाली, तितकी सासूबाईंवरूनही झालेली नाहीत.

दिवाळीनंतर गाडीच्या मागून घरघर यायला लागली. गोकुळ म्हणाला, रस्ताच तसा आहे. मग नव्या रस्त्यावरही घरघर आली, तेव्हा म्हणाला, टायर तसे आहेत. शेवटी खामगाव समोर दिसत असताना मागून कडाड् आवाज झाला, इंजिन चालू राहिलं आणि गाडी मात्र जागची हलेना. हे घाटात झालं असतं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिला. ट्रॅक्टरला बांधून गाडी शेखरच्या शेडमध्ये नेली. शेखर गोकुळचा शाळेपासूनचा दोस्त, मागच्या एक्सलच्या कामात त्याचा हात धरणारा खामगावात कोणी नाही.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं, तो क्राऊन, आणि त्याला फिरवणारं एक लहान, ते पिनियन. ही जोडी एकमेकांवर घासून घासून बसलेली असते, नवरा-बायकोसारखी. एक बदललं की दुसरंही बदलावं लागतं. आमच्या क्राऊनचे दाते तुटून तेलात पडले होते. शेखरने ते हातावर घेऊन दाखवले.

"गोकुळभाऊ, तुह्या मॉडेलचा नवा जोड आता कंपनी देत नाई," तो म्हणाला. "माह्यापाशी दोन जोड आहेत. दोन्ही भंगारातल्या गाड्यायचे, पण दाते एकदम कोरे. तू पाह्य अन् सांग."

त्याने पोतं अंथरलं आणि दोन्ही जोड्या त्यावर मांडल्या. काठावरचे आकडे डिझेलच्या फडक्याने पुसले.

"हा आठ-एकेचाळीस, पिनियनले आठ दाते अन् क्राऊनले एकेचाळीस. तुह्या गाडीत होता तोच हिशेब. इंजिनाकडला शाफ्ट पाच येढे घेईन तवा चाकाचा एक येढा. पळणार नाई, पण ओढंन. अन् उतारावर गाडीले धरून ठेवंन. हा दुसरा अकरा-एकेचाळीस, याच कंपनीच्या नव्या मॉडेलच्या गाडीचा. चार येढे व्हायच्या आतच चाक फिरते. सपाट रोडवर गाडी हवेवानी जाते, डिझेल कमी खाते. पण घाटात धरणार कमी."

"आमच्या नशिबी घाटच आहे," मी म्हटलं. "आठवाला टाका."

गोकुळलाही तेच पाहिजे होतं. त्याने आठचा क्राऊन दोन्ही हातांनी उचलला, दात्यांवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिला. "मस्त आहे बे. भेटला कुठं?"

शेखरने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "बोथ्याच्या घाटातल्या गाडीचा हाय. कडूबाकाकाच्या."

गोकुळने क्राऊन खाली ठेवला. ठेवला म्हणजे काय, विस्तवावरून उचललेलं भांडं ठेवावं तसा टाकलाच. आणि हात पँटला पुसले.

कडूबाकाका शेजारच्या गावचे. त्यांचीही पिकअप आमच्यासारखीच, त्याच सालची, तेही भाजीच न्यायचे. बाजारात आमच्या दोन्ही गाड्या शेजारी लागायच्या आणि जनकाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला डब्यातली मिरचीची भाजी द्यायची. पोळ्याच्या आधी त्यांची गाडी मारुतीच्या खालच्या वळणावरून दरीत गेली. काका जागीच गेले. काकू दारातून बाहेर फेकली गेली, झुडपात अडकली, म्हणून वाचली. पाय मोडला तो मोडलाच. ब्रेक फेल झाले, असं सगळे म्हणाले. काकू त्या दिवसाबद्दल कोणाशी बोलली नाही आणि तिला विचारायची कोणाची छाती झाली नाही.

"अकरावाला टाक," गोकुळ म्हणाला.

"अहो, लोखंडात काय भूत बसते का?" मी म्हटलं. "त्याचे दाते चांगले, हिशेब चांगला, शेखरभाऊ सांगून राह्यले."

"भुताचं नाई सांगत मी." पण तो क्राऊनपासून एक पाऊल मागे सरकला होता. "तूच सांग. हा उतारावर धरून ठेवते म्हणतेत ना? मंग ज्यानं त्याले नाई धरलं, तो मले काय धरंन?"

मी भुतांना भीत नाही, मी उताराला भिते. पण हा प्रश्न उताराचाच होता. शेखरने एकदा समजावून पाहिलं, घाटात जपून चालव म्हणून बजावलं आणि अकरा-एकेचाळीस बसवून दिला. गोकुळने मेलेल्या माणसाचा चांगला क्राऊन टाळला आणि जित्या माणसाचा चुकीचा घेतला. त्या वेळी मात्र मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सपाटीवर गाडी खरंच अशी पळाली की गोकुळ शीळ घालायला लागला. घाट चढताना शीळ बंद झाली. रिकामी गाडी, तरी दुसऱ्या गिअरवर दम खायला लागली, पहिला टाकावा लागला. "नवा हाय, बसंन हळूहळू," तो म्हणाला. चढताना जी गाडी धापा टाकते ती उतरताना काय करेल, हा हिशेब मी मनात करत होते आणि तो काही केल्या चांगला सुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोबी भरला. कोबी दिसायला हलका आणि भरला की दगड. घाटमाथ्यावर गोकुळने नेहमीसारखा दुसरा गिअर टाकला. मी नेहमीसारखी मीटरच्या काट्यावर नजर लावली. आमच्यात करार आहे, घाटात काटा पंचविसाच्या वर जाऊ द्यायचा नाही. काटा पंचविसावर होता. अगदी शहाण्या मुलासारखा पंचविसावर.

पण झाडं पंचविसाने जात नव्हती. रोजचा तो वाकडा साग, ज्याच्याकडे मी एरवी निवांत पाहू शकते, तो आला आणि गेला. "अहो, जोरात चालून राह्यली," मी म्हटलं. "काटा पाह्य ना," तो म्हणाला. काटा पंचविसावर होता. काटा खरा की झाडं खरी, हे मला कळेना, आणि मला वेड लागलं की काय अशीही एक भीती त्यात मिसळली.

पुढे शेखरने सांगितलं ते असं. मीटरची वायर गिअरबॉक्समधून येते. मागचा क्राऊन बदलला हे त्या काट्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा जुन्याच हिशेबाने पंचवीस दाखवत होता आणि चाकं पस्तिसाच्या जवळ गेली होती. पण हे नंतर कळलं. त्या वेळी इतकंच कळत होतं की मागून धरणारा जो हात रोज असायचा, तो आज नव्हता.

गोकुळचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. एक वळण, दुसरं वळण. मग केबिनमध्ये वास आला, ब्रेकचे लायनर तापून जळायला लागल्याचा, केस जळाल्यासारखा घाण वास. गोकुळ एरवी घाटातही बडबडतो, कोणाला शिव्या देतो, माकडांशी बोलतो. तो गप्प झाला. नवरा गप्प झाला की बायकोने समजून जावं.

"पहिला टाका," मी ओरडले.

त्याने क्लच दाबला, दुसरा काढला, पहिल्यात ढकलला. आतून खर्रर्र आवाज आला आणि गिअर पडला नाही. त्या मधल्या क्षणात गाडी कोणाचीच नव्हती. इंजिनाची नाही, ब्रेकची नाही, आमची नाही. ती अशी सुटली की मी सीटला पाठ लावून दोन्ही पाय समोर रोवले, जणू काही मीच गाडी थांबवणार होते. समोर मारुतीचं वळण. उजवीकडे दरीच्या कठड्याचे पांढरे दगड, डावीकडे डोंगर. देवाचं नाव तोंडात आलं नाही. घरी ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध आठवलं. आपण मेलो तर ते नासेल, असं वाटलं. माणसाला मरताना काय काय आठवतं म्हणतात, मला दूध आठवलं.

गोकुळने दुसरा गिअर परत कोंबला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे घातली. चाकं नालीत उतरली. डोंगराच्या मातीवर गाडीचा डाव्या बाजूचा पत्रा घासत घासत गेला, माझ्या खिडकीतून माती आणि दगड आत आले, काच फुटली. आणि मग गाडी एका मुरमाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

मागून कोबीचे गड्डे सुटले. एकामागून एक ते आमच्या बाजूने रस्त्यावरून घरंगळत गेले, वळणावर आले आणि वळले नाहीत. सरळ कठड्याच्या दगडांमधून खाली गेले. मी ते पाहत बसले. एकाचाही आवाज वर आला नाही. देवळाच्या पाठीमागची माकडं मात्र आली आणि उरलेले गड्डे सोलून खायला लागली.

गोकुळचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मी एकेक बोट धरून सोडवलं.

"कडूबाकाकाचाच टाकू," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

मी मान हलवली. पण त्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. ज्याने त्यांना नाही धरलं. म्हणजे पुढे विहीर होती आणि मागे आड, आणि शेखरकडे तिसरी जोडी नव्हती.

शेखरने आठ-एकेचाळीस बसवला. बसवण्याआधी गोकुळने नारळ फोडला, त्याचं पाणी त्या लोखंडावर शिंपडलं, मागच्या एक्सलला लिंबू-मिरची बांधली. शेखर हसला. मी हसले नाही. मी माझ्याही हाताने थोडं कुंकू लावलं.

पहिल्यांदा उतरलो तेव्हा माल निम्माच भरला होता. माथ्यावर दुसरा गिअर पडला, गाडी उताराला लागली आणि मागून आवाज सुरू झाला. उंऽऽऽ. तोंड मिटून कोणीतरी गुणगुणावं तसा. चढावर नाही, सपाटीवर नाही, फक्त उतारावर गाडीला धरून ठेवताना. एकमेकांवर घासून बसलेले जुने दाते असे बोलतात, हे शेखरने आधी सांगितलं होतं, तरी गोकुळच्या कपाळावर घाम आला.

"काका बोलून राह्यले," तो म्हणाला.

"बोलू द्या. तुम्ही समोर पाहा."

पण गाडी धरली होती. ब्रेकवर पाय न ठेवता ती बैलासारखी पाय रोवत खाली उतरत होती. वाकडा साग सावकाश आला आणि सावकाश गेला. मारुतीपाशी मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

आठवडाभरात गोकुळला त्या आवाजाची सवय झाली. पंधरवड्याने तो त्या आवाजाच्या सुरात सूर लावून गायला लागला. तो भीत होता तोवर मी निर्धास्त होते. त्याची भीती गेली आणि माझी परत आली, कारण मारुतीच्या खाली त्याचा हात पुन्हा शिवशिवायला लागला. एक दिवस त्याने न्यूट्रल केलंच. आवाज थांबला. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. "आता तर काकाचा क्राऊन हाय, सुचिता," तो म्हणाला, "आता काऊन भेतं तू?" न्यूट्रलमध्ये कोणाचा क्राऊन काय करणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. घाटावरची हुशारी ती. डोक्यात नसते, हातात असते.

एकच गोष्ट आम्ही दोघांनी पाळली. जनकाकाकूला हे कळू द्यायचं नाही. तिच्या नवऱ्याच्या गाडीचं काळीज आमच्या गाडीत बसवलंय, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि मग एका सकाळी ती रस्त्यावर उभी दिसली. काठी टेकून, डोक्यावर पदर, बगलेत दवाखान्याची पिशवी. एसटी आली नव्हती. तिने हात केला. गोकुळने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. गाडी पुढे काढावी असंही क्षणभर वाटलं मला. पण मोडक्या पायाच्या बाईला रस्त्यावर सोडून जायला आम्ही काही राक्षस नाही.

"खामगावले पाय दाखवाले जाऊन राह्यली," ती म्हणाली. मी तिच्यासाठी खिडकीची जागा सोडायला लागले, पाय लांब करता यावा म्हणून. तिने दाराला हात लावला आणि मागे घेतला. "खिडकीपाशी नोको, माय. मले मधी बसू दे." ती कशातून बाहेर फेकली गेली होती ते मला तेव्हा आठवलं. मी तिला हाताला धरून मधे बसवलं. गिअरची दांडी तिच्या गुडघ्याला लागून होती. अपघातानंतर ती पहिल्यांदाच पिकअपमध्ये बसत होती, आणि तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मी आजवर गाडीत खूप भ्याले आहे, पण दोघी मिळून भिण्याची ती पहिलीच वेळ.

घाटमाथा आला. गोकुळने दुसरा टाकला. मी मनातल्या मनात त्या लोखंडाला विनवलं, आजच्या दिवस गप्प राहा.

उंऽऽऽ.

काकूची बोटं माझ्या दंडावर थांबली. तिने मान किंचित मागे वळवली, कान दिला. एक वळण गेलं. दुसरं गेलं. गोकुळच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरताना मला दिसत होता.

"आमचीच हाय ना हे?" ती म्हणाली.

"हाव, काकू," मीच म्हटलं. "भंगारात भेटली. आम्ही तुमाले सांगणार होतो..."

"माफ करजा, काकू," गोकुळ पुटपुटला.

"काऊन रे? जंगून गेलं असतं थे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "बाजाराच्या दिवशी तीन वाजताची उठलेली राहे मी. घाट लागला की हा आवाज सुरू होये अन् माहा डोळा लागे. थे म्हणत, तुले बिछान्यावर झोप येत नाई, घाटात येते."

ती हसली आणि तिने डोळे मिटले. आणि काय सांगू, ती झोपली. जी बाई दाराला हात लावायला भीत होती, ती त्या आवाजावर मान टाकून माझ्या खांद्यावर झोपली. माझ्या दंडातली तिची बोटं सैल झाली. मला रडू आलं. गोकुळनेही डोळे पुसले आणि सुटल्यासारखा लांब श्वास सोडला. इतक्या दिवसांचं लपवणं संपलं होतं.

मारुती आला. दोघांनी हात जोडले. पुढची सैल वळणं लागली, आणि मन हलकं झालेल्या त्या माणसाचा हात, त्याला न विचारता, दांडीवर गेला. मी तोंड उघडेपर्यंत गिअर निघाला होता.

आवाज बंद झाला.

काकू किंचाळली. तशी किंचाळी मी कधी ऐकली नव्हती आणि पुन्हा ऐकायची नाही मला. डोळे नीट उघडायच्या आधीच तिने दोन्ही हात दांडीवर, गोकुळच्या हातावर टाकले.

"बंद नोको करू! आवाज बंद नोको करू!"

गोकुळने ब्रेक दाबला. गाडीने अजून वेग घेतला नव्हता, म्हणून दुसरा पडला. एक हिसका बसला आणि मागून आवाज पुन्हा सुरू झाला. उंऽऽऽ. गोकुळचा हात दांडीवरच, तिच्या दोन्ही हातांखाली दबलेला राहिला.

"त्या दिवशीबी मी झोपेतच होती," ती म्हणाली. समोर पाहत, कोणालाच न सांगितल्यासारखी. "आवाज बंद झाला म्हून जाग आली. म्हटलं, न्यूटल केलं का हो? तर हसले. म्हणे, झोप तू, डिझेल वाचवून राह्यलो. मंग गाडी जोरात सुटली. परत गिअर टाकून पाह्यला त्यायनं. पडलाच नाई."

खालचं वळण समोर आलं. तेच वळण. कठड्याचे दोन दगड तिथे अजून नवे आणि पांढरे होते. गाडी गुणगुणत, पाय रोवत त्यांच्या बाजूने उतरली.

"लोक म्हणतेत ब्रेक फेल झाले. म्हणू द्या म्हटलं, मेल्या माणसाले कशाले बोल लावा." तिने गोकुळकडे मान वळवली. "गाडीनं त्यायले धरलंच होतं रे, बाबू. त्यायनंच सोडून देल्लं."

सपाटी लागली, आवाज विरला, खामगावची पहिली घरं दिसायला लागली. तरी काकूने त्याच्या हातावरचे हात काढले नाहीत, आणि त्याने ते काढू दिले नाहीत.